मोठा सामना सगळ्यांना दिसला पाहिजे

कोपरखैरण्यात आमच्या इमारतीत एकच विकेट तीन-चार वेळा पडते. पहिली आरोळी तळमजल्यावरून येते, तिथं केबल आहे. तिच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावरून, तिथं डिश आहे. मग समोरच्या घरातून, जिथं टीव्हीला वायफाय जोडून अ‍ॅपवर मॅच लावलेली असते. जिन्यात मोबाईलवर बघत बसलेल्या पोरांना सगळ्यांत शेवटी कळतं. पहिल्या आणि शेवटच्या आरोळीत चांगलं अर्ध्या मिनिटाचं अंतर पडतं. इंटरनेटवरून येणारं चित्र काही-काही सेकंदांचे तुकडे करून पाठवलेलं असतं. ते मध्येच अडकू नये म्हणून फोन त्यातले काही तुकडे आधी जमवून घेतो आणि मगच दाखवायला लागतो. त्यामुळे मोबाईलवाला कायम मागे राहतो. खालून "गेलाऽऽ" ऐकू आलं की जिन्यातल्या पोरांना गोलंदाज धावत यायच्या आधीच निकाल माहीत असतो. ती चेंडू बघतात, पण वाट बघत नाहीत. थोड्या वेळानं त्यातला एखादा फोन खिशात टाकून उठतो.

हल्ली मोठी मॅच असली तरी कोणी बघत नाही, अशी तक्रार ठाणे-वाशी लोकलमध्ये, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत सारखी ऐकू येते. तिच्यामागे कारणही तयार असतं: आजच्या मुलांना धीर नाही, त्यांना रील लागते, तीन तास एका जागी बसणं त्यांना जमत नाही. मला हे कारण मान्य नाही. हीच मुलं एकेका वेब सिरीजचा अख्खा सीझन एका रात्रीत संपवतात, रात्र-रात्र गेम खेळतात. धीर त्यांच्याकडे भरपूर आहे. त्यांच्या हातून काढून घेतली गेली आहे ती वेगळीच गोष्ट, आणि ती कोणी काढून घेतली हे आपण विचारत नाही.

आधी आकड्यांचं बघू, कारण आकडे या तक्रारीच्या उलट बोलतात. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादेत भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा एकट्या हॉटस्टारवर एकाच क्षणी 5.9 कोटी लोक असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. परदेशातही सरळ उतरंड दिसत नाही. अमेरिकेत रिओ आणि टोकियो ऑलिंपिकचे प्रेक्षक घटले होते, पॅरिसला ते पुन्हा वाढले. मग लोकांना जे जाणवतं ते खोटं का? खोटं नाही. टीव्हीच्या मोजणीत एखाद्यानं किमान एक मिनिट कार्यक्रम पाहिला की तो 'पोहोच' या आकड्यात धरला जातो. कॅन्टीनमध्ये चहाचा कप हातात घेऊन स्कोअर बघायला मिनिटभर थांबलेला माणूस आणि नाणेफेकीपासून शेवटच्या चेंडूपर्यंत बसलेले आजोबा, या आकड्यात दोघं सारखेच. 'कोट्यवधींनी पाहिला' या बातमीतून सामना किती जणांच्या डोळ्यांसमोरून गेला एवढंच कळतं. किती जण त्याच्यासमोर बसले, हे कळत नाही.

कमी झालंय ते हे बसणं. पूर्ण बसणं, आणि एकत्र बसणं. मोठ्या सामन्याचा मोठेपणा चषकाच्या वजनात नसतो. त्या वेळी गल्लीतला, गावातला, देशातला प्रत्येक माणूस तीच गोष्ट त्याच क्षणी बघतोय, ही जाणीव म्हणजेच तो मोठेपणा. ती गेली की अंतिम सामना हा आणखी एक व्हिडिओ होतो. आणि ती आपोआप गेलेली नाही. सामना सगळ्यांच्या मालकीचा होता, तो हळूहळू कुंपणात घेतला गेला, असं माझं म्हणणं आहे. प्रेक्षक रोडावण्याची बाकीची सगळी कारणं मी या एका कारणाच्या खाली धरतो.

माझी आई ठाण्यात वर्तकनगरच्या वसाहतीत वाढली. तिनं आयुष्यात बॅट हातात धरलेली नाही, तिला क्रिकेटची आवडही नव्हती. पण पायचीत कधी द्यायचा आणि कधी नाही, हे ती आजही नीट समजावून सांगते. चेंडू लेगच्या बाहेर पडला की नाही, हे पंचानं हात वर करायच्या आधी तिच्या तोंडून निघतं. हे ती शिकली कुठं? घरात टीव्ही एकच, तो बाहेरच्या खोलीत, आणि संध्याकाळची भाजी निवडायची जागाही तीच. गवारीच्या शेंगा मोडता मोडता तिनं सुनील गावसकर पाहिला, मग कपिलदेव, मग सचिन. शेजारची माणसं यायची, सतरंजीवर बसायची, वाद घालायची. "हा का गेला?" असं एखाद्या बाईनं विचारलं की चार जण एकदम सांगायला लागायचे. मैदानात न गेलेल्या, खेळाची आवड नसलेल्या, केवळ त्या खोलीत होत्या म्हणून बघणाऱ्या अशा लाखो माणसांनी मोठ्या सामन्याला मोठं केलं. चाहता तर कुठूनही, कसाही, पैसे मोजून बघतोच. सहज बघणारा मात्र सगळे बसतात त्या खोलीतच तयार होतो.

आता ती खोली राहिली नाही. चार माणसांच्या घरात चार पडदे आहेत आणि प्रत्येकाचा कान त्याच्या हेडफोनमध्ये आहे. माझ्या भाचीला प्रत्येक षटकाराची क्लिप माहीत असते, कोणत्या खेळाडूनं काय म्हटलं तेही ठाऊक असतं, पण परवाचा सामना शेवटी कोण जिंकलं म्हणून विचारलं तर तिला आठवावं लागतं. यात तिचा दोष नाही. तिच्यापर्यंत सामना येतो तोच तुकड्यांत. तिच्या शेजारी बसून "थांब, आता बघ हा काय टाकतो" असं म्हणणारं कोणी नाही.

हे तंत्रज्ञानामुळे आपोआप झालं असं म्हणणं सोपं आहे, पण त्यामागे निर्णय आहेत, कायदे आहेत आणि तारखा आहेत. 1982 च्या दिल्ली एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं. पुढच्याच वर्षी 25 जूनला लॉर्ड्सवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना लोकांनी दूरदर्शनवर थेट पाहिला. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता त्यांच्याकडे ट्रान्झिस्टर होता, आणि बाळ पंडित, वि. वि. करमरकर यांच्यासारख्या माणसांनी रेडिओवरून क्रिकेट मराठीत आणलं होतं. दूरदर्शनची मक्तेदारी चांगली होती असं मला म्हणायचं नाही. ऐन रंगात आलेला सामना बातम्यांसाठी तोडलेला माझ्या पिढीनं पाहिलाय आणि त्याचा संताप अजून गेलेला नाही. 1993 च्या हिरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 9 फेब्रुवारी 1995 ला निकाल आला की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. त्या निकालातला मक्तेदारी मोडणारा अर्धा भाग सगळ्यांनी उचलला. ही मालमत्ता जनतेची आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठी व्हायला हवा, हा उरलेला अर्धा भाग तितक्याच उत्साहानं कोणी उचलला नाही.

त्यानंतर खासगी वाहिन्यांनी हक्क विकत घ्यायला सुरुवात केली आणि दर वेळी दूरदर्शनला चित्र द्यायचं की नाही यावर भांडणं होऊ लागली. 2004 च्या पाकिस्तान दौऱ्याच्या वेळी ते भांडण न्यायालयापर्यंत गेलं. 2007 च्या सुरुवातीला वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेवरून पुन्हा तेच झालं. अखेर त्याच वर्षी संसदेनं कायदा केला. सरकार ज्या स्पर्धा राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर करील, त्यांचं थेट चित्र हक्कधारक कंपनीनं दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचं. जाहिरातींच्या उत्पन्नातले 75 टक्के कंपनीला आणि 25 टक्के प्रसार भारतीला. मला हा कायदा फार शहाणपणाचा वाटतो. कंपनीचे पैसे बुडत नाहीत आणि गरिबाची मॅचही बुडत नाही.

या कायद्याला 2017 च्या ऑगस्टमध्ये मोठं भगदाड पडलं. दूरदर्शनला मिळालेलं हे चित्र तिच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणापुरतं आणि स्वतःच्या मोफत डिशपुरतंच आहे, ते केबलवाल्यांना पुढे देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं दिला. न्यायालयानं कायद्यातले शब्द पाहिले आणि त्या शब्दांचा अर्थ तोच निघत होता, त्यामुळे न्यायालयाला मी नावं ठेवत नाही. पण त्याचा परिणाम ऐरोलीतल्या, कळव्यातल्या, वागळे इस्टेटमधल्या घरात काय झाला ते बघा. केबलचे पैसे दरमहा भरणाऱ्या माणसाला भारताचा सामना दूरदर्शनवर दिसायचा, तो दिसेनासा झाला. जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रं तर पुढच्या काही वर्षांत बहुतेक बंदच झाली. उरली मोफत डिश. ती गावात घराच्या पत्र्यावर सहज बसते. आमच्याकडे तिला आग्नेयेचं मोकळं आकाश लागतं, आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत पश्चिमेच्या खिडकीतून आग्नेय दिशा आणायची कुठून? गच्चीवर लावायची म्हटलं तर सोसायटीची परवानगी. म्हणजे कायदा आहे, यादी आहे, सामना राष्ट्रीय महत्त्वाचा म्हणून जाहीर झालेला आहे, आणि शहरातल्या बहुतेक घरांत तो फुकट दिसत नाही.

हे मंत्रालयालाही कळलं होतं. 2018 साली माहिती व प्रसारण मंत्रालयानं केबल आणि इतर मार्गही कायद्यात आणण्यासाठी दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. तो पुढे कायदा झाला नाही.

त्याच सुमारास, फेब्रुवारी 2019 पासून, वाहिन्या सुट्या विकत घ्यायची पद्धत आली. तेव्हा मूळ 130 रुपये आणि त्यावर कर, खेळाची वाहिनी हवी तर महिना 19 रुपये वेगळे. रक्कम मोठी नाही, असं कोणी म्हणेल. पण खेळाची वाहिनी एक नाही. 2025 सालचंच उदाहरण घ्या. जूनमध्ये इंग्लंडचा दौरा सुरू झाला, तो टीव्हीवर एका कंपनीच्या वाहिनीवर आणि मोबाईलवर दुसऱ्याच कंपनीच्या अ‍ॅपवर. सप्टेंबरमध्ये आशिया चषक, त्याचं अ‍ॅप वेगळं. त्याचा अंतिम सामना 28 तारखेला संपला आणि 30 तारखेला महिलांचा विश्वचषक सुरू झाला, तो परत पहिल्या अ‍ॅपवर. मध्ये एकच दिवस. रविवारी ज्या ठिकाणी भारत खेळताना दिसला, मंगळवारी तिथं तो नव्हता. चाहता शोधून काढतो. सोसायटीचा वॉचमन, तुर्भ्याच्या मार्केटमध्ये पहाटेपासून पाठीवर गोणी वाहणारा माथाडी, घरकामाला येणाऱ्या मावशी, यांनी दर मालिकेला नवं रिचार्ज कशाला शोधत बसावं? फोनवर पूर्ण सामना चांगल्या चित्रात बघायचा तर दिवसभराचा डेटा तिथंच संपतो, मग घरी मुलीचा व्हिडिओ कॉल आला तर काय? म्हणून हा माणूस स्कोअर बघतो, सामना बघत नाही. आकड्यांच्या भाषेत तो प्रेक्षक आहे. खरं तर तो कुंपणाबाहेर उभा आहे.

सामन्यांची संख्या हाही याच कुंपणाचा भाग आहे. एकदा हक्क विकायचे ठरले की विकायला माल हवा. 1983 चा विश्वचषक 27 सामन्यांत संपला, 2023 चा 48 सामन्यांचा होता. 2025 च्या आयपीएल हंगामात 74 सामने होते. 2025 च्या आशिया चषकात भारत आणि पाकिस्तान 14, 21 आणि 28 सप्टेंबरला, ओळीनं तीन रविवार, एकमेकांसमोर आले. ज्या सामन्यासाठी पूर्वी माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची, तो तीन आठवड्यांत तीनदा. तिसऱ्या रविवारी आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत मॅच लावलेली होती आणि निम्मी मंडळी गरब्याला गेली होती. आयपीएलवर माझा राग नाही. संध्याकाळी घरी येऊन दोन तास करमणूक झाली तर वाईट काय! पण रोज संध्याकाळी सामना असला की कुठलाच सामना कोणाचं लग्न पुढे ढकलायला लावत नाही.

पैसे लावण्याचं म्हणाल तर मला त्याची फार चीड आहे. काही वर्षं अशी गेली की ऑफिसमध्ये मुलं सामना बघत नव्हती, स्वतःच्या काल्पनिक संघाचे गुण मोजत होती. भारत हरला तरी चालेल, माझा कर्णधार पन्नास करू दे, हे मी शेजारच्या खुर्चीवरून ऐकलेलं आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, ते उत्तम झालं. पण त्या काळात एका पिढीला सामन्याकडे हिशेबाच्या नजरेनं बघायची सवय लागली. कायद्यानं अ‍ॅप बंद होतं, सवय जायला वेळ लागेल.

आणि मैदानं. जो खेळतो तो बघतो. ठाण्यात घोडबंदर रोडला जाळ्या लावलेले टर्फ रांगेनं उभे राहिलेत आणि तिथं खेळायचं तर तासाचे पैसे मोजावे लागतात. नवी मुंबईत सिडकोनं सेक्टरागणिक मोकळ्या जागा ठेवल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी आता कार्यक्रमांचे मांडव आणि पार्किंग यांच्या ताब्यात असतात. मैदान भाड्यानं आणि सामना रिचार्जवर असेल, तर ज्या घरात दोन्ही परवडत नाही त्या घरातल्या मुलाचं खेळाशी नातं जुळणार कसं?

लोकांची आवडच संपली असं म्हणणाऱ्यांनी नेरूळची ती दोन दिवसांची गोष्ट लक्षात घ्यावी. महिला विश्वचषकाचे काही सामने बंगळुरूहून हलवून डी. वाय. पाटील स्टेडियमला आणले गेले, तेव्हा आमच्याकडे फारशी चर्चाही नव्हती. साखळी सामन्यांची तिकिटं 100 रुपयांपासून ठेवली होती. शंभर रुपयांत एक मुलगी बापाचा हात धरून भारताची मॅच बघू शकते, हे कळल्यावर लोक यायला लागले. 30 ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियानं 339 धावांचं आव्हान दिलं. जेमिमा रॉड्रिग्ज 127 धावा करून नाबाद राहिली, हरमनप्रीत कौरनं 89 काढल्या आणि महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला सर्वांत मोठा पाठलाग पुरा झाला. तो गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामाला जायचं होतं. तरी आमच्या इमारतीत उशिरापर्यंत दिवे होते.

2 नोव्हेंबरचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला. कोणी हललं नाही. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एकानं घरचा टीव्ही आणून लावला, बाकीच्यांनी खुर्च्या आणल्या. एकच पडदा होता, त्यामुळे शेफाली वर्माचा प्रत्येक चौकार सगळ्यांना एकाच वेळी दिसत होता आणि आरोळी एकच होत होती. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शतक करून खेळत होती तोवर हॉलमध्ये कोणी मोठ्यानं बोलेना. मग तिचा झेल उडाला, अमनज्योत कौरच्या हातात तो एकदा निसटला, दोनदा निसटला आणि अखेर बसला, तेव्हा ज्या बायकांनी कधी पूर्ण सामना पाहिला नव्हता त्या खुर्च्यांवरून उठून उभ्या राहिल्या. दीप्ती शर्मानं पाच बळी घेतले, भारत 52 धावांनी जिंकला, मध्यरात्र झाली होती. एका आजींनी विचारलं, "आता पुढची कधी?"

ही माणसं अचानक कुठून उगवली नव्हती. ती आधीपासून इथंच राहत होती. त्या रात्री सामना एका ठिकाणी, एका वेळी, पैसे न मागता त्यांच्यासमोर होता, इतकंच. ऑलिंपिकच्या वेळीही हेच दिसलं होतं. 1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या हेलसिंकीमधल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणजे 72 वर्षांनी. गुरुवारची दुपार, कामाची वेळ आणि खेळ कोणता, तर पन्नास मीटरवरून रायफल. तरी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये जेवणाच्या टेबलावर फोन बाटलीला टेकवून पाच-पाच जण तो बघत होते. पॅरिसचं प्रक्षेपण मोबाईलवर मोफत होतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. खेळाला पैसा लागतो आणि तो हक्कांच्या विक्रीतून येतो. आयपीएलच्या 2023 ते 2027 च्या हक्कांना 48,390 कोटी मिळाले. महिला प्रीमियर लीगचे पहिल्या पाच वर्षांचे हक्क 951 कोटींना गेले. त्या लीगनं आपल्या मुलींना काय दिलं ते नेरूळला दिसलंच. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये महिला क्रिकेटपटूंना पुरुषांइतकं सामन्याचं मानधन जाहीर झालं, त्यामागेही हाच पैसा आहे. सगळं फुकट दाखवा म्हटलं तर उद्या कोण बोली लावील? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही.

पण इंग्लंडनं हा प्रयोग आपल्याआधी करून पाहिलाय. तिथं ऑलिंपिक, फुटबॉल विश्वचषक, विम्बल्डनचे अंतिम सामने अशा स्पर्धा मोफत वाहिनीवर दिसल्याच पाहिजेत अशी यादी आहे. 1998 मध्ये घरच्या कसोटी सामन्यांना त्या यादीतल्या पूर्ण संरक्षणातून काढलं. 2005 ची अ‍ॅशेस, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी मालिका, अजून मोफत वाहिनीवर होती, ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत एका क्षणी 84 लाख लोक बघत होते. पुढच्या वर्षापासून सगळं क्रिकेट पैसेवाल्या वाहिनीवर गेलं. 2009 मध्ये इंग्लंडनं ओव्हलवर अ‍ॅशेस परत जिंकली, तेव्हा सर्वाधिक आकडा 20 लाखांच्या आत होता. संघ तोच, शत्रू तोच, विजय तसाच. मंडळाकडे पैसा आला आणि मुलांच्या तोंडून क्रिकेटपटूंची नावं गेली. 2019 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला त्या वाहिनीनं एक दिवस कुंपण उघडलं आणि मोफत वाहिनीला चित्र दिलं, तर 80 लाखांहून जास्त लोक परत आले. 2020 पासूनच्या करारात बीबीसीला पुन्हा आत घ्यायचं, हे इंग्लंडच्या मंडळानं 2017 मध्येच ठरवलं होतं. गेलेला प्रेक्षक परत आणणं त्यांना फार महाग पडलं. आपण अजून त्या टोकाला गेलेलो नाही.

सगळं फुकट करा, असं मी म्हणत नाही. आयपीएल ज्याला हवी त्यानं पैसे देऊन बघावी. पण भारताचे विश्वचषकातले सामने, उपांत्य आणि अंतिम फेऱ्या, पुरुषांच्या जितक्या तितक्याच महिलांच्या, शिवाय ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धा यांचं दूरदर्शनचं चित्र केबलवर, प्रत्येक डिशवर आणि प्रसार भारतीच्या मोबाईल अ‍ॅपवरही दिसायला हवं. 2024 पासून त्यांचं वेव्ह्ज नावाचं अ‍ॅप चालू आहे, ते यासाठी वापरावं. 75-25 ची वाटणी आहेच. प्रेक्षक वाढतील तशी ती रक्कमही वाढेल, आणि तरी कंपन्यांचं नुकसान होत असेल तर वाटणीत बदल करावा. काही हजार कोटींच्या व्यवहारात एवढी तडजोड बसत नाही, हे मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

ठाणे आणि नवी मुंबई या आपल्या दोन्ही महापालिकांनाही करण्यासारखं आहे. सार्वजनिक पडद्यावर सामना दाखवायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते. छोट्या मंडळाला ती मिळवणं जमत नाही, महापालिकेला जमेल. आयपीएलवाले 2015 पासून लहान शहरांत फॅन पार्क भरवतात आणि तिथं प्रवेश मोफत असतो. मग अंतिम सामन्याच्या दिवशी ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये, कळवा-मुंब्र्यात, वाशीत, घणसोलीत, दिघ्यात प्रभागवार एकेक पडदा का लावू नये? दहीहंडीला आणि गणपतीत एलईडी भिंती उभ्या करणारे मंडपवाले आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पाण्याची सोय, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि घरी जायला उशिरापर्यंत बस एवढं केलं तरी पुरे. बस विसरू नका. सामने साडेअकरापर्यंत चालतात आणि बायका शेवटच्या अर्ध्या तासाला उठून जातात, त्याचं कारण नीरस खेळ नसतं.

जुलै 2028 मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिक आहे. 1900 नंतर पहिल्यांदाच त्यात क्रिकेट असेल, पुरुषांचं आणि महिलांचं. तिथली वेळ आपल्या साडेबारा तास मागे, म्हणजे तिथल्या सकाळचे सामने आपल्याकडे रात्री घराघरांत दिसतील. 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा तर अहमदाबादला, आपल्या शेजारच्या राज्यात आहे. या दोन्हींच्या आधी 2007 च्या कायद्यात केबल, खासगी डिश आणि इंटरनेट हे तीन मार्ग घालणारी दुरुस्ती संसदेत यायला हवी. 2018 चा मसुदा तयार आहे, तो पुन्हा बाहेर काढायचा आहे. ठाणे जिल्ह्यातून लोकसभेवर तीन खासदार जातात. त्यांच्या कार्यालयात गटारांच्या आणि पाण्याच्या अर्जांसोबत हाही अर्ज आपण द्यायला हवा, आणि मतं मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला हवं की कायद्यातल्या या दुरुस्तीसाठी तुम्ही सभागृहात उभे राहणार आहात का.